व्हिएतनाम: ह्युए ते न्हा त्रांग, दिवसाच्या गाडीने बारा तास

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये मी आणि माझा मित्र, दोघंच, पाठीवर सॅक टाकून अठरा दिवस व्हिएतनाम फिरून आलो. पुण्यात परतल्यापासून भेटेल तो हालाँगच्या उपसागराबद्दल विचारतो. मला मात्र सांगायचंय ते ज्या दिवशी आम्ही एकही ‘पॉइंट’ केला नाही त्या दिवसाबद्दल. सकाळी नवाच्या सुमारास ह्युएला गाडीत बसलो आणि रात्री न्हा त्रांगला उतरलो. ६२७ किलोमीटर, बारा तास, बसून.

यावरून आधी आमचं वाजलं होतं. मित्राचा हिशोब आपल्या सगळ्यांचा असतो तोच. रात्रीची गाडी धरायची, झोपेत अंतर कापायचं, हॉटेलचे पैसे वाचतात आणि दिवस मोकळा मिळतो. कॉलेजात असताना हंपी, गोवा सगळं आम्ही असंच केलं. पण मला राहून राहून वाटत होतं, हनोई पाहिलं, ह्युए पाहिलं, मग मधला देश कधी बघायचा? शेवटी तो म्हणाला, बरं, एक दिवस तुझा.

हनोई ते हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगॉन, हा १७२६ किलोमीटरचा एकच उभा मार्ग आहे. फ्रेंचांनी तो तुकड्यातुकड्यांत बांधत आणला आणि १९३६ मध्ये दोन टोकं जुळली. पुढे देशाचीच फाळणी झाली, युद्धात पूल उडाले, सलग गाडी बंद पडली. १९७५ ला युद्ध संपल्यावर त्या लोकांनी १३३४ पूल दुरुस्त केले आणि ३१ डिसेंबर १९७६ ला गाडी पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडली. वीस महिन्यांत! देश पुन्हा एक झाला हे सामान्य माणसाला कशावरून कळलं असेल, तर मला वाटतं या गाडीवरूनच.

आम्ही वातानुकूलित डब्यातल्या गादीच्या सीटा घेतल्या होत्या. या डब्यात निम्म्या सीटा एका दिशेला तोंड करून असतात, निम्म्या दुसऱ्या. डब्याच्या मधोमध त्या समोरासमोर येतात आणि मध्ये एक टेबल असतं. आम्हाला नशिबाने तीच जागा मिळाली.

तासाभरात लांग कोची खाडी आली. पाणी इतकं स्थिर की होड्या काचेवर ठेवल्यासारख्या. आणि मग हाय वान घाट. हाय म्हणजे समुद्र, वान म्हणजे ढग. आपला खंडाळ्याचा घाट डोळ्यांसमोर आणा, तसंच जंगल, तसेच बोगदे, तशीच रेंगाळणारी गाडी, फक्त खाली दरीच्या जागी समुद्र. वळणं एवढी आवळ की खिडकीतून पुढे इंजिन दिसतं आणि मान वळवली की मागचा डबा. एका बोगद्यातून बाहेर पडलो तर थेट खाली छोटासा किनारा, वाळूवर एकाही माणसाचं पाऊल नाही, लाटा खडकांवर फुटतायत. तेवढ्यात पुढचा बोगदा. सबंध डबा गप्प होता. रोजची माणसंसुद्धा मोबाइल खाली ठेवून बाहेर बघत होती.

हा घाट एके काळी दोन राज्यांमधली सीमा होता. उत्तरेला दाई व्हिएत, दक्षिणेला चंपा. चंपाचे राजे शिवाची देवळं बांधणारे. दा नांगपासून जवळच ‘मी सन’ नावाच्या ठिकाणी त्यांच्या विटांच्या देवळांचे अवशेष आहेत. २०२० मध्ये तिथे डागडुजी करताना आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांना वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं होतं. आदल्या आठवड्यात वाचलेलं हे सगळं त्या घाटातून गाडी उतरताना खरं वाटायला लागलं.

दा नांगला एक गोष्ट झाली, ती जाणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवा. ते स्टेशन टोकाचं आहे, रूळ पुढे जात नाहीत. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलटी निघते. कॉर्ड लाइन, म्हणजे दौंड स्टेशन टाळणारा जोडमार्ग, होण्याआधी मनमाडहून पुण्याला येताना दौंडला व्हायचं तसं. त्यामुळे ह्युएहून निघताना समुद्र ज्या खिडकीला होता, दा नांगनंतर तो समोरच्या खिडकीला जातो.

तिथेच आमच्या समोर एक आजी येऊन बसल्या. सत्तरीच्या पुढच्या, अंगात फुलाफुलांचा सुती सदरा-पायजमा, हातात कापडी पिशवी. गाडी सुटल्यावर त्यांनी पिशवीतून पपनस काढलं. चाकूने जाड साल देठाकडून चार चिरा देऊन फुलासारखी उलगडली. मग एकेका फोडीचं पांढरं पापुद्रं सोलून आतला गर मोकळा केला, तुटू न देता. आणि मग एक कागदाची पुडी उघडली. त्यात लाल तिखट आणि मीठ. शाळेबाहेर पेरूच्या फोडीला लावून देतात तेच! आजींनी फोड तिखटमिठात टेकवून माझ्यापुढे धरली.

आमच्याकडे बाकरवडी होती. एक त्यांनी आधी हुंगली, मग अर्धी मोडून शेजारच्या मुलीला दिली, अर्धी तोंडात टाकली. जरा वेळ चावत राहिल्या. मग हात पुढे केला. दिलेल्या चारपैकी एकच खाल्ली आणि तीन रुमालात बांधून ठेवल्या. मोबाइलवर एका लहान मुलाचा फोटो दाखवला. नातवासाठी. आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आमची, पण यात न कळण्यासारखं काय होतं?

दुपारी दोनच्या पुढे क्वांग न्गाय आलं. या जिल्ह्यात ‘सोन मी’ नावाचं गाव आहे, ज्यातली ‘मी लाय’ वस्ती जगाला माहीत झाली. १६ मार्च १९६८ ला अमेरिकन सैनिकांनी तिथे निःशस्त्र गावकऱ्यांना मारलं. तिथल्या स्मारकावर ५०४ जणांची नावं आहेत. खिडकीतून काय दिसत होतं? श्रावणात मुळशीकडे दिसतात तशी भातखाचरं. हिरवीगार, बांधावर बगळे, चिखलात म्हैस. आणि खाचरांच्या मधोमध, पिकाच्या आतच, थडगी. तिकडे घरची माणसं आपल्याच शेतात पुरतात. आजी बाहेर बघत होत्या. त्यांचं वय बघता तेव्हा त्या वीसएक वर्षांच्या असणार. मी काही विचारलं नाही.

पुढे सा हुन्हची मिठागरं, उन्हात चौकोन चौकोन चमकणारी, लाकडी फावड्यांनी मीठ ओढणाऱ्या बायका. मग समुद्र, मग नारळ, मग पुन्हा खाचरं. दियु त्री स्टेशन सोडलं आणि अंधार पडला. शेवटचे तीन तास खिडकीत आमचेच चेहरे. याची चुटपुट लागून राहिली, कारण तुय होआच्या पुढे दाई लान्हला पुन्हा रूळ समुद्राला लागून जातात, आणि १९३६ मध्ये दोन टोकं जुळली ती हाओ सोनची जागाही तिथेच.

मित्र न्हा त्रांगला उतरताना म्हणाला, अठरा दिवसांतला हाच दिवस मी घरी सांगणार. तेव्हा परदेशात सॅक घेऊन फिरणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: एक तरी लांबचा पल्ला दिवसा, बसून, करा. त्याला प्रवासाचा दिवस धरू नका, मुक्कामाचा धरा.

कुणी असे प्रवास केले असतील तर लिहा.

नीरा_लोणंद

फार छान लिहिलंत. एक सांगायचं राहिलं तुमचं. तो सगळा मार्ग मीटरगेज आहे! दोन रुळांत बरोब्बर एक मीटर.

माझं वय आता ७४. लहानपणी आमची पुणे-मिरज लाइन मीटरगेज होती. शाळेला सुट्टी लागली की आई आम्हा तिघा भावंडांना घेऊन लोणंदला मामाकडे जायची, दिवसाच्या गाडीने. जेजुरी आलं की आई खिडकीतून गडाकडे बघून हात जोडायची आणि आम्हालाही जोडायला लावायची. मीटरगेजचा डोल वेगळा असतो. ब्रॉडगेजसारखा धडधडत नाही, पाळण्यासारखा हलतो. डबा अरुंद, त्यामुळे समोरच्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नसतं. त्या आजी तुमच्याशी बोलल्या त्यात रुळांच्या रुंदीचाही वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

पुढे लाइन ब्रॉडगेज झाली, चांगलंच झालं, गाड्या वाढल्या, कोल्हापूर जवळ आलं. पण तो डोल पुन्हा अनुभवायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आता व्हिएतनामला जावं लागेल.

रातराणी

लेख आवडला, पण मत पटलं नाही, आणि ते स्पष्ट सांगते.

तुमच्याकडे अठरा दिवस होते. आम्हा नवरा-बायकोला दोघांच्या रजा जुळवून आठ दिवस मिळाले, त्यात येण्याजाण्याचे दोन. आम्ही हनोई-दा नांग रात्रीच्या स्लीपरने केलं. चार बर्थचा कंपार्टमेंट, स्वच्छ चादर, सकाळी जाग आली तर बाहेर शेतं. दिवस वाचला म्हणून होई आनला दोन रात्री राहता आलं आणि संध्याकाळी नदीकाठी कंदील लागलेले बघता आले. ते सोडून मी बारा तास खिडकीत बसले असते तर मला हळहळ वाटली असती. ज्याची रजा मोजकी आहे त्याला रात्रीची गाडी हाच शहाणपणा आहे.

पर्वतीपायथा

रातराणी, तुमचं म्हणणं मान्य. आठ दिवसांत मीही दोनदा विचार केला असता. पण मग निदान ह्युए-दा नांग एवढा तुकडा दिवसा करा, १०३ किलोमीटर, तीन तासांच्या आत-बाहेर. घाट त्यातच येतो. घाटातून रात्री जाणाऱ्या गाडीत नेमका तोच निसटतो.

काका, मीटरगेजचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डोलाचं मात्र अगदी खरं. टेबलावरचा चहा सांडत नव्हता, नुसता कडेकडेने फिरत होता.

बाणेर_टेकडी

मी चार वर्षं सायगॉनला नोकरीला होतो, म्हणून थोडी भर घालतो.

ज्यांना तीन तासच काढता येतात त्यांच्यासाठी २०२४ पासून ह्युए-दा नांग अशी खास पर्यटकांची गाडीही आहे, ती लांग कोला काही मिनिटं थांबते, खाली उतरून फोटो काढता येतात. पण मला विचाराल तर साधी लांब पल्ल्याचीच गाडी घ्या. आजी त्याच गाडीत भेटतात.

तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारी-फेब्रुवारीत येतं. त्याच्या मागेपुढे दोन आठवडे गाडीचा विचारही करू नका. सगळा देश गावी जातो, गणपतीत कोकण रेल्वेचं होतं तसं. मध्य व्हिएतनामचा पाऊसही आपल्या उलटा, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. मार्च ते ऑगस्ट उत्तम.

आणखी एक. त्या भाषेत ‘मी’ आणि ‘तू’ सरसकट वापरत नाहीत, नात्याने बोलतात. आजीला ‘बा’, ताईला ‘ची’, दादाला ‘आन्ह’, आपल्याहून लहान कुणीही ‘एम’. वडिलांचा धाकटा भाऊ ‘चू’, थोरला ‘बाक’, आणि हो ची मिन्ह यांना सगळा देश ‘बाक हो’ म्हणतो. समोरच्याचं वय विचारल्याशिवाय त्यांना वाक्यच सुरू करता येत नाही. कुणी पहिल्याच भेटीत वय विचारलं तर बिचकू नका, तुम्हाला कोणत्या नात्यात बसवायचं ते ठरवतायत. रिक्षावाल्याला काका आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

सदाफुली

मी पुढच्या वर्षी एकटी जायचं ठरवतेय, पहिलाच परदेश प्रवास. आई धास्तावलीये. तीन प्रश्न आहेत. एकट्या मुलीला दिवसाच्या गाडीत बारा तास कसं वाटेल? सॅक कुठे ठेवायची? आणि मी शाकाहारी आहे, अंडंही नाही, तर खायचं काय?

पर्वतीपायथा

सदाफुली, आमच्या डब्यात एकट्या प्रवास करणाऱ्या तीन-चार मुली होत्या, दोन तिथल्याच. दिवसाउजेडी, भरलेला डबा, दर डब्याला कर्मचारी. आईला सांग की रात्रीच्या बंद कंपार्टमेंटपेक्षा हे कितीतरी बरं.

मोठी सॅक डोक्यावरच्या फळीवर. पासपोर्ट आणि पैसे मात्र अंगावर. नोटांची एक काळजी घे: २० हजार डाँग आणि ५ लाख डाँग, दोन्ही नोटा निळसर आहेत. मी घाईत पाण्याच्या बाटलीला पाच लाखांची नोट काढली होती. विकणाऱ्या बाईंनीच हात धरून ती परत खिशात घालायला लावली.

डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. सगळे लोक तिथे नूडल्सचे वाडगे भरतात. घरून आणलेलं झटपट पोह्यांचं पाकीट त्या पाण्यात सात मिनिटं झाकून ठेवलं की होतं. ढकलगाडीवर भात, कोंबडी, उकडलेली कणसं येतात. ‘चाओ’ म्हणून मिळतं ती भाताची पेज, पण त्यात बहुतेक वेळा मांस असतं, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

बाणेर_टेकडी

शाकाहारासाठी एकच वाक्य पाठ करा: ‘तोय आन चाय’. मी शाकाहारी खातो. ‘चाय’ हिंदीतल्या ‘चाय’सारखाच उच्चारायचा, त्याचा अर्थ बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर न्युओक माम, म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी, तरीही पडतं, कारण ते त्यांच्या हिशोबी मीठ आहे. ‘चाय’ म्हटलं की तेही टळतं.

पुष्कळ बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. आपल्या एकादशीसारखं. त्या दिवशी एरवी मांसाहारी असलेल्या खानावळीतही चाय जेवण मिळतं. ह्युएत पॅगोडे भरपूर, त्यामुळे चाय खानावळीही भरपूर. सकाळी तिथून डबा बांधून घे, दिवस निघतो.

तिकीट रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर काढ. मी सुरुवातीला एका मध्यस्थ साइटवरून काढलं होतं. पैसे दीडपट गेले आणि खिडकीऐवजी मधली सीट आली. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाक. ई-व्हिसा २५ डॉलर, तोही सरकारी साइटवरच.

घाटवाट

श्रीलंकेचं कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मी २०१९ ला कॅंडी ते एल्ला केलं होतं, साडेसहा तास. तिथला गेज आपलाच, १६७६ मिलिमीटर, त्यामुळे काकांना पाळणा मिळणार नाही. पण चहाचे मळे, धुकं, १८९१ मीटरवरचं पट्टीपोला स्टेशन, आणि एल्लाच्या पुढे देमोदराला रूळ स्वतःलाच वळसा घालून स्टेशनाच्या खालच्या बोगद्यातून जातात. मी वर उभा राहून, ज्या रुळावरून पुढे जाणार तोच खाली बघितला.

एक विनंती सगळ्यांना. तिथे फोटोसाठी लोक दारात लटकतात. आमच्याच डब्यातल्या एका मुलाचा खांदा झाडीला घासला, रक्त आलं, थोडक्यात वाचला. दारात बसावंसं वाटतं हे मी समजू शकतो, पण पाय आत ठेवा.

नीरा_लोणंद

घाटवाट, तुमच्या विनंतीला माझंही अनुमोदन. कर्जत-लोणावळ्याच्या घाटात हेच आयुष्यभर बघत आलोय.

सदाफुली, बेटा, तू जाच. आणि पर्वतीपायथा यांची चुटपुट तू टाळ. न्हा त्रांगपर्यंत न जाता दियु त्रीला उतर. मी नकाशा काढून बसलो होतो. ह्युएपासून ४०८ किलोमीटर, उजेडात पोचशील. तिथून क्वी न्योन गाव दहा-बारा किलोमीटरवर आहे, समुद्रकाठचं, आणि गावातच चंपाच्या काळातले दोन जुळे विटांचे मनोरे आहेत. एक-दोन दिवस राहा आणि उरलेला तुकडा दुसऱ्या दिवसाच्या गाडीने कर. म्हणजे दाई लान्हचा समुद्रही उजेडात मिळेल.

सदाफुली

धागा वर काढतेय, कारण परवाच परत आले.

काकांनी सांगितलं तसंच केलं. ह्युएहून डावीकडची खिडकी, घाट पूर्ण बघितला. दा नांगला गाडी उलटली तेव्हा पलीकडच्या खिडकीतल्या काकू स्वतःहूनच म्हणाल्या, ये, इकडे बस. म्हणजे म्हणाल्या असणार, हाताने खूण केली. आधी वय विचारलं. बोटांवर २६ दाखवले, मग मी त्यांची ‘एम’ आणि त्या माझ्या ‘ची’. माझं चाय जेवण बघून त्यांनी स्वतःच्या डब्यातलं टोफू वाढलं. मी त्यांना आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी दिली. त्यांनी ती पांढऱ्या भातावर घालून सगळी संपवली आणि रिकामी डबी धुऊन परत दिली.

क्वी न्योनला दोन दिवस राहिले. पुढच्या गाडीने दाई लान्ह दुपारी चारला दिसलं. पर्वतीपायथा, किनारा रुळांच्या अगदी खाली आहे आणि निळ्या रंगाच्या गोल टोपल्यांसारख्या होड्या वाळूवर उपड्या घातलेल्या होत्या. तुमच्यासाठी व्हिडिओ काढलाय.

आणि काका, दियु त्रीला गाडी थांबली तेव्हा फलाटाच्या कडेला वाकून रुळांचा फोटो काढला. गार्डने आधी हटकलं, मग मी दोन्ही हात मीटरभर पसरून दाखवले तर हसले आणि थांबू दिलं. रुंदीचा अंदाज यावा म्हणून फलाटाच्या कडेवर माझी चप्पल ठेवलीये. रात्री सामान लावून झालं की डकवते.